स्वीडनवाल्या भाऊंचं सेवापुस्तक

आमच्या शाळेत कर्मचारी वीस होते आणि माझ्या लोखंडी कपाटात सेवापुस्तकं एकवीस. मी मुख्य लिपिक. मोजण्यात माझी चूक होत नाही. एकविसावं पुस्तक स्वीडन देशाच्या एका फुटबॉलपटूचं होतं. ते उघडायला लावलं आमच्या खेळाच्या सरांनी.

ज्यांचा कचेरीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. माणूस नोकरीला कधी लागला, कुठे बदलून गेला, आजारपणाची रजा किती घेतली, कधी निलंबित झाला, हे सगळं सेवापुस्तकात साहेबाच्या सहीनिशी लिहिलेलं असतं. माणूस चार दिवस सापडला नाही तर आमच्याकडे चौकशी होते. सेवापुस्तक सापडलं नाही तर पळापळ होते.

मी बुलढाण्याजवळच्या धाड गावातल्या त्या शाळेत रुजू झाले त्याच आठवड्यात सर एक कोरं सेवापुस्तक घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. उंच, काटक, एका गुडघ्याला पट्टा. शर्टाच्या आत पिवळी जर्सी घातलेली होती आणि तिची निळी कड कॉलरमधून बाहेर डोकावत होती.

"मॅडम, एका माणसाचं पुस्तक उघडाचं आहे."

"नवीन नेमणूक का?"

"नेमणूक जुनीच आहे. कागद करायचे राहून गेले."

"कोणत्या शाळेत होते आधी?"

"शाळा नाही, क्लब. तिकडे स्वीडनले."

मी पेनाला टोपण लावलं. सरांनी ते पेन माझ्या हातातून अलगद घेतलं, टोपण काढलं आणि पेन परत माझ्या बोटांत दिलं.

"त्याच्यावर मी लय वाचलं मॅडम. पण कात्रणं एकीकडे, वह्या एकीकडे, सगळं पसरून पडलं आहे. तुमच्याबद्दल समजलं का तुम्ही किराण्याची यादीबी दोन प्रतीत करता. म्हटलं, हे काम तुमचंच."

माहिती बरोबर होती. एक प्रत दुकानदाराला, एक घरी, आलेला माल ताडून पाहायला. या सवयीवर घरचे हसतात, ऑफिसातले कंटाळतात. तिची कदर करणारा माणूस मला प्रथमच भेटत होता. मी पहिलं पान उघडलं.

नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव. गाव उत्तरेकडचं, लाकूड कापायच्या गिरणीभोवती वसलेलं, जिथलं मैदान कितीतरी महिने बर्फाखाली असतं. वडील त्याच गिरणीत. उंची सरांना तोंडपाठ. ओळखीची खूण?

"डाव्या भुवईवर टाके. डिफेंडरचं कोपर लागलं होतं."

पुढचा रकाना प्रवर्गाचा. हा रकाना आमच्याकडे कुणी रिकामा सोडत नाही. सरांनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं.

"स्ट्रायकर लिहा," ते म्हणाले. मी लिहिलं.

त्या खेळाडूचं नाव मी इथे देत नाही. आमच्या गावातही ते कुणी घेत नसे. कुणाचे अकोलावाले मामा असतात, कुणाची पुण्यावाली वहिनी असते, तसे आमचे ते स्वीडनवाले भाऊ. आधी सर म्हणायचे, मग शिपाई म्हणायला लागला, आणि महिनाभरात मीही.

भाऊ सरांच्या आयुष्यात आले ते धाडच्या आठवडी बाजारातून. बाजारात एका कोपऱ्यात जुन्या कपड्यांचा ढीग असतो. स्वेटर, कोट, कुठून कुठून आलेले. त्यात सरांना ही पिवळी जर्सी दिसली. पाठीवर आकडा आणि निळ्या अक्षरांत आडनाव.

"हे कोणाचं आहे?" सरांनी विकणाऱ्याला विचारलं.

"ज्याच्या अंगात बसंल त्याचं," तो म्हणाला.

सरांच्या अंगात बसलं. गावाने दोन दिवस विचारलं, हळदीला निघाले का सर? सरांनी मात्र रविवारी बुलढाणा गाठलं आणि इंटरनेटच्या दुकानात बसून त्या आडनावाचा माणूस शोधून काढला. तो फार मोठा खेळाडू निघाला असता तर सर बहुधा तिथेच थांबले असते. तो तसा निघाला नाही. देशाकडून खेळलेला, पण पोस्टरवर न दिसणारा. गोलाच्या तोंडाशी उभा राहणारा आणि बॉल येईपर्यंत काहीच न करणारा. त्याच्या देशातली माणसंसुद्धा म्हणायची, हा पळत का नाही?

"मोठ्याइचं सगळेच लिहितात," सर मला म्हणाले. "याचं कोण लिहीन?"

तर आम्ही लिहिलं. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर कात्रणं घेऊन यायचे आणि मी नोंदी घालायचे. काम सुरू केल्यावर मला कळलं, फुटबॉल खेळणं आणि सरकारी नोकरी यांत फारसा फरक नाही. गावच्या क्लबमधून भाऊ हॉलंडला गेले ती विनंती बदली. हॉलंडहून इंग्लंडला गेले ती प्रशासकीय, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. इंग्लंडच्या क्लबाने त्यांना काही महिने दुसऱ्या क्लबाला वापरायला दिलं, ती प्रतिनियुक्ती. लाल कार्ड मिळून पुढच्या सामन्यांना बाहेर बसले, ते निलंबन. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वैद्यकीय रजा. क्लबाचं काम सांभाळून देशाकडून खेळायचे, तो अतिरिक्त कार्यभार.

अडलं एका ठिकाणी. इंग्लंडमध्ये एक अख्खा हंगाम भाऊ राखीव बाकावर बसून होते. गणवेशात हजर, पण काम नाही.

"ही रजा म्हणता येणार नाही," मी म्हटलं.

"हजेरी म्हणावं तर पाय नाही लागला बॉलले," सर म्हणाले.

मी घरी नियमांचं पुस्तक काढून बसले आणि सोमवारी सरांना मधल्या सुट्टीत गाठलं. "सर, सापडलं. सक्तीचा प्रतीक्षाधीन कालावधी. माणूस कामाला तयार आहे, पण त्याला जागाच दिलेली नाही. तो काळ सेवेत धरतात."

सरांनी डबा बाजूला ठेवला. "सेवेत धरतात?"

"पूर्ण."

"मॅडम," ते म्हणाले, "त्याले हे कळलं पाह्यजे होतं तेव्हा."

सर भाऊंचं ज्ञान फक्त मैदानावर वापरत असते तर त्यांना कुणी विक्षिप्त म्हटलं नसतं. पण ते हे ज्ञान बुलढाण्याच्या एसटी स्टँडवरही वापरायचे. पावसाळ्यात बुलढाण्याची कामं मी स्कूटी घरी ठेवून बसने करायचे, तेव्हा परतताना पाहिलंय. धाडची गाडी आत वळली की सगळं स्टँड गाडीमागे धावतं. पोरं खिडकीतून दप्तर फेकतात, म्हाताऱ्या माणसांच्या काठ्या हवेत असतात. सर एका खांबाजवळ हाताची घडी घालून उभे. गाडी गचका देऊन थांबायची आणि तिचं दार नेमकं सरांच्या नाकासमोर उघडायचं.

"भाऊ काय करते?" सर वर चढता चढता मागे वळून विचारायचे. "भाऊ पळत नाही. भाऊ जागा धरते."

लग्नाच्या पंगतीतही तेच. वाढपी कुठून सुरुवात करणार हे सर आधी हेरायचे आणि तिथे बसायचे. एकदा अमडापूरला एका लग्नात वाढप्यांनी दोन्ही टोकांकडून वाढायला घेतलं आणि मधोमध बसलेल्या सरांपर्यंत जिलबी सगळ्यात शेवटी पोचली. त्यांनी ते शांतपणे घेतलं. "प्रतीक्षाधीन," एवढंच म्हणाले माझ्याकडे पाहून.

एके वर्षी आमच्या शाळेत सेवापुस्तकांची तपासणी लागली. आलेले साहेब सज्जन होते आणि घाईत होते. सगळी पुस्तकं टेबलावर रचून ठेवायचं काम मी शिपायाला सांगितलं होतं. त्याने कपाटातली सगळी रचली. एकवीस.

मी चहाचं पाहून परत आले तेव्हा साहेब भाऊंच्या पुस्तकाच्या चौथ्या पानावर होते.

"यांच्या बदल्या फार झालेल्या दिसतात," साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"बाहेरून आलेत का?"

"बरेच बाहेरून," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

साहेबांनी पान उलटलं, कपाळाला आठी घातली आणि लाल शाईने शेरा मारला: वैद्यकीय रजेनंतर हजर होतानाचे योग्यता प्रमाणपत्र जोडलेले नाही, पूर्तता करावी. खाली सही, तारीख, शिक्का. आणि पुढचं पुस्तक ओढलं.

ते गेल्यावर मी सरांना बोलावलं. म्हटलं, हे पुस्तक आता घरी घेऊन जा, माझी नोकरी जाईल. सरांचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ते शिक्का पाहत होते. भाऊंची सेवा सरकारी शाईने पडताळली गेली होती.

"पूर्तता करा लागन," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गावातल्या डॉक्टरांकडे गेले. सोबत कात्रण. त्यात भाऊ हवेत उडी मारून डोक्याने बॉल ढकलत आहेत. डॉक्टर सरांचे जुने मित्र. त्यांनी आपल्या कागदावर लिहून दिलं: "फोटोवरून गुडघा बरा दिसतो." तो कागद मी टाचणीने जोडला. आजही तिथे आहे.

आता मुलींच्या टीमबद्दल सांगायला हवं, नाहीतर सर नुसतेच गमतीचे माणूस वाटतील. आमच्या शाळेच्या मुली दर वर्षी तालुक्याला फुटबॉल खेळायच्या आणि बऱ्यापैकी खेळायच्या. मैदान बाजाराला लागून. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आधी सडके टमाटे वेचायचे, मग सराव. सर मुली निवडायचे ते शाळेत नाही, गावात. विहिरीवर कोण भरलेली कळशी न सांडता पळते, बांधावरून कोण उडी मारते.

दीक्षा त्यांना बाजारात सापडली. तिच्या वडिलांची भाजीची वाडी. ते टेम्पोवर उभे राहून पत्ताकोबीचे गड्डे खाली फेकत होते आणि ही सातवीतली पोरगी खाली उभी राहून झेलत होती. डावीकडे, उजवीकडे, कधी गुडघ्यापाशी. सर तिथे पूर्ण टेम्पो रिकामा होईपर्यंत थांबले.

"एकबी गड्डा खाली नाही पडला मॅडम," ते मला सांगत आले. "अन एक तर बापानं चिडून मारला होता."

तिच्या वडिलांना पटवायला महिना गेला. दीक्षा गोलकीपर झाली.

दर वर्षी जानेवारीच्या शेवटी आमच्याकडे शिक्षक विरुद्ध मुली असा सामना असायचा. शिक्षकांच्या गोलात हेडमास्तर, पायात चपला. मागे विज्ञानाचे सर आणि शिपाई. शिट्टी गणिताच्या सरांकडे. पुढे एकटे आमचे सर, भाऊंसारखे, गोलाच्या तोंडाशी. गुणांची वही माझ्याकडे. पहिल्याच वर्षी मी मागची पानं चाळली. प्रत्येक वर्षी सरांचं नाव स्ट्रायकर म्हणून, आणि नावापुढचा गोलाचा रकाना कोरा.

"सर, एवढ्या वर्षांत एकही नाही?"

"बॉलच नाही येत मॅडम. थांबून राह्यलो."

ते अर्धसत्य होतं. बॉल यायचा. गणिताचे सर दयाळू होते; दर वर्षी ते आम्हाला निदान एक पेनल्टी काढून द्यायचेच. पेनल्टी म्हणजे समोर फक्त गोलकीपर, आणि बॉल मारणारा. सर मारायचे. आणि त्या त्या वर्षीची गोलकीपर, मग ती कुणीही असो, आठवीतली किंवा दहावीतली, नेमकी त्याच बाजूला झेप घ्यायची. दर वर्षी. मुली ओरडायच्या, सर मान हलवायचे आणि पुढच्या वर्षाची वाट पाहायला लागायचे.

मग एका सकाळी सर कार्यालयात आले ते नेहमीसारखे बोलत आले नाहीत.

"भाऊनं सोडलं मॅडम. फुटबॉल सोडला."

भाऊ शेवटी आपल्या गिरणीच्या गावातल्या क्लबात परत गेले होते. ती नोंद मी स्वग्रामी बदली अशी घातली होती. तिथे त्यांचा शेवटचा सामना झाला. त्यांनी मारलेला बॉल खांबाला लागून परत आला. गोल झाला नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि भाऊ घरी गेले.

मी पुस्तक काढलं, तारीख घातली आणि "सेवानिवृत्त" लिहायला पेन टेकवलं. सरांनी पानावर हात ठेवला.

"थांबा."

"सर, बातमी पक्की आहे ना?"

"बातमी पक्की आहे. पण गोल नाही झाला. गोल केल्याबिगर स्ट्रायकर रिटायर होत नाही मॅडम. तो फक्त घरी जाते."

मी त्यांना समजावलं. नियत वयोमान असतं, स्वेच्छानिवृत्ती असते, राजीनामा असतो. यातलं काहीतरी एक लिहावंच लागतं.

"मग कोरं राहू द्या."

"कोरा रकाना मी सोडत नाही."

"सोडा लागन."

आमचा तो एकमेव वाद. आम्ही दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी रजेच्या हिशोबासाठी सरांचंच पुस्तक काढलं आणि त्यांच्या जन्मतारखेवर माझी नजर गेली. अठ्ठावन्न पुरी व्हायला दोन वर्षं उरली होती. दोन वर्षं म्हणजे दोन सामने. हा माणूस कुणाच्या निवृत्तीबद्दल भांडत होता ते मला तेव्हा कळलं. भाऊंचा रकाना मी कोरा सोडला.

पहिला सामना गेला. दीक्षाने पेनल्टी अडवली. उरला एक.

सर निवृत्त होण्याच्या दिवशीच तो सामना ठेवायचं ठरलं. सकाळी खेळ, मग निरोप समारंभ. तयारी अर्थातच माझ्याकडे. मी यादी केली: मंडप, माईक, शाल-श्रीफळ, मानपत्र, अध्यक्षांसाठी वेगळी खुर्ची. आणि मी व्यवहारी बाई आहे. जे व्हायला हवं ते यादीत घालते. मी लिहिलं, "सव्वादहा: सरांचा गोल."

आदल्या दिवशी मी दीक्षाला व्हरांड्यात बोलावलं. ती तेव्हा नववीत. तिला म्हटलं, उद्या सरांची शेवटची पेनल्टी असेल, ती जाऊ दे.

"हे सरनं सांगतलं काय?"

"नाही. मी सांगतेय."

"मंग मी नाही सोडत."

"दीक्षा, ते उद्या चाललेत. तीस वर्षं थांबलेत एका गोलासाठी. तुझं काय जातंय?"

तिने पायाच्या अंगठ्याने फरशी घासली. खूप वेळ. मग "हाव मॅडम," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळं वेळेवर झालं. सव्वादहाला दोन मिनिटं कमी असताना गणिताच्या सरांनी शिट्टी फुंकली आणि पेनल्टी दिली. कशाबद्दल ते त्यांनाही सांगता आलं नाही. सरांनी बॉल ठेवला, चार पावलं मागे गेले, आले, मारला. दीक्षा उभ्या उभ्या डावीकडे कलली. बॉल उजवीकडून आत गेला.

टाळ्या, शिट्ट्या. शिपायाने आधीच सांगून ठेवलेला डफडेवाला वाजवायला लागला. मी यादीवर बरोबरची खूण केली.

सर हललेच नाहीत. मग चालत दीक्षापाशी गेले. डफडं थांबलं.

"काऊन वं, बापाच्या टेम्पोतून एवढा हळू गड्डा आला असता तर सोडला असता तू?"

"नाही सर."

"मंग?"

दीक्षाने माझ्याकडे पाहिलं. तिचं काही चुकलं नाही, ती खोटं बोलणारी मुलगीच नव्हती. सर माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. मी यादी दिली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"सव्वादहा, सरांचा गोल. साडेदहा, चहा." त्यांनी मान वर केली. "पंधरा मिनिटं दिली मॅडम माझ्या गोलले?"

"जल्लोष धरून," मी म्हटलं, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. "चुकलं माझं सर."

"तुमच्या मनात चांगलंच होतं," ते म्हणाले. "पण मले हा घेऊन घरी नाही जाता येत." त्यांनी माझं पेन घेऊन त्या ओळीवर काट मारली आणि परत मैदानात गेले. "दीक्षा, उभी राह्य. आता खरी खेळ. खेळली नाही तर मी जातो, मंडपात येत नाही."

दीक्षाचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिने हाताला माती चोळली.

सरांनी मारला. तिने अडवला. पुन्हा मारला, पुन्हा अडवला. तिसरा, चौथा. मंडपात अध्यक्ष येऊन बसले, त्यांनी घड्याळ पाहिलं. माईकवर कुणीतरी हॅलो, हॅलो, चेक करत होतं. मुली मंडप सोडून मैदानाच्या कडेने उभ्या राहिल्या, मग शिक्षक आले, मग अध्यक्षही खुर्ची घेऊन आले. सहावा अडवल्यावर सर गुडघ्यावर हात ठेवून वाकले. धाप लागली होती.

"दीक्षा, एक सांग. तुले कसं समजते मी कुठी मारतो ते?"

मुली हसायला लागल्या. दीक्षा हसली नाही.

"सांगू काय सर? रागावान नाही?"

"सांग."

"तुम्ही मारायच्या आधी गालात जीभ घालता. ज्या गालात जीभ, त्या कोपऱ्यात बॉल."

सरांनी स्वतःच्या गालाला हात लावून पाहिला.

"हे तुले कोणं सांगतलं?"

"आमच्या आधीच्या ताईनं. तिले तिच्या आधीच्या ताईनं. जे गोलकीपर होते त्याले सांगतात."

"किती वर्षांपासून?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. हेडमास्तर खाकरले. "माझी पुतणी होती ना आपल्याकडे गोलकीपर," ते म्हणाले. "ती घरी करून दाखवायची."

"तुम्हालेबी माहीत होतं?" सर म्हणाले. "सर, तुम्ही माझ्या टीममध्ये आहा!"

हेडमास्तरांनी चपलांकडे पाहिलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मी इतकी वर्षं गोलाच्या बाजूला टेबल टाकून बसत होते, मिनिटं टिपत होते, आणि माझ्या एकाही वहीत त्या गालाची नोंद नव्हती.

सर मला वाटलं रागावतील. ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग एकदम थांबले आणि माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुमचा स्कार्फ द्या."

स्कूटीवर ऊन लागू नये म्हणून मी तोंडाला बांधते तो स्कार्फ. फुलाफुलांचा, गुलाबी. सरांनी तो नाकापासून हनुवटीपर्यंत गुंडाळला आणि मागे गाठ मारली. फक्त डोळे उरले. आता कुणी हसलं नाही, कारण दीक्षा गोलात पुढे सरकली होती, कंबरेतून वाकली होती आणि तिच्या नजरेत प्रथमच काहीतरी डळमळत होतं. ती त्या फुलांकडे पाहत होती, जणू त्यांच्या आड काय चाललंय ते दिसेल.

सर चार पावलं मागे गेले. आले. मारला.

दीक्षाने उजवीकडे झेप घेतली. बाजू बरोबर होती, पण निघायला तिला अर्धा क्षण उशीर झाला. बॉल तिच्या बोटांना घासून, खांबाच्या आतल्या अंगाने गेला आणि मागे बाजाराच्या ओट्याला लागूनच थांबला.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे दीक्षाकडे पाहत होते, ती काय करते ते. ती मातीत पालथी पडून होती. मग उठली. नाकाला माती, डोळ्यांत पाणी, चेहरा लाल. तिने धावत जाऊन बॉल आणला आणि सरांच्या पायापाशी आपटला.

"अजून एक मारा!" ती ओरडली. "मले लागला होता बोटाले! अजून एक मारा सर, आता कसा जाते पाहतो मी!"

माईकवर सत्कारमूर्तींना मंचावर येण्याची विनंती होत होती. सरांनी गाठ सोडली, स्कार्फ झटकला, नीट चौपदरी घडी करून माझ्या हातात दिला. ते तिच्याकडे बघत होते. तिच्या त्या रागाकडे, अगदी डोळे भरून.

"नाही वं माय," ते म्हणाले. "आता मी रिटायर."